फूल मिळालेलं वाक्य

"अजून थोडी डावीकडे. आता बास," शेजारच्या काकू खालून सांगत होत्या आणि माझे बाबा स्टुलावर उभे राहून आमच्या दारावर पाटी ठोकत होते. जिनासुद्धा एकट्याने चढायचा नाही, असं डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर दोनदा बजावलं होतं. मी हॉस्पिटलमधली सकाळपाळी संपवून दोनला घरी पोचले, ती हे बघायला.

मी ओरडणारच होते, पण आधी नजर पाटीवर गेली. निळी जमीन, पांढरी अक्षरं, कडेने बारीक लाल रेघ. अक्षरं जपानी होती आणि आमच्या वर्गातल्या कुणाच्याही वहीत नसतील इतकी देखणी होती. क्षणभर ऊर भरून आला. मग मी ती वाचली.

'मला माझ्या वडिलांची लाज वाटते.'

"कशी झालीय?" बाबांनी वरून विचारलं.

"छान झालीय. तुम्ही आधी खाली उतरा."

"तुझ्याच वहीतलं आहे. दोन दिवस, तू ड्यूटीला गेलीस की काढत बसायचो. आता वाच बघू मोठ्याने, काकूंना ऐकू दे."

मी वाचलं. "वाताशी वा चिची गा हाझुकाशी." शेवटचा शब्द जवळजवळ गिळलाच.

"किती गोड भाषा आहे गं," काकू म्हणाल्या. "आणि अर्थ काय?"

"सुस्वागतम," मी म्हटलं.

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. "पाहुण्या यायच्या म्हटल्यावर दुसरं काय असणार? त्या वाक्याला तुझ्या बाईंनी फूल काढलेलं होतं. बाकीच्यांना नुसते गोल. म्हटलं, हेच सगळ्यात चांगलं."

जपानी शिकायला लागून मला दीड वर्ष झालं होतं. तिकडच्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या आणि तिथली चित्राक्षरं वाचता आली पाहिजेत अशी अट होती. ही अक्षरं हजारोंनी असतात. एकेक सुटं पाठ करायला गेलं, की सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी नियम घातला होता, की प्रत्येक नव्या अक्षराचं एक वाक्य लिहायचं, स्वतःचं आणि खरं. "हे पुस्तक आहे, ते झाड आहे, असलं मला चालणार नाही," बाई म्हणायच्या. "खोटं वाक्य डोक्यात राहत नाही. तुमच्या घरातलं लिहा." वाक्य बिनचूक असलं तर त्या लाल पेनाने गोल करायच्या. मनापासून पटलं तर त्या गोलाला पाकळ्या काढून त्याचं फूल करायच्या. तिकडच्या शाळांत म्हणे तसंच करतात. दीड वर्षात मला फूल एकदाच मिळालं.

ते 恥 या अक्षराला मिळालं. डावीकडे कान, उजवीकडे हृदय, आणि दोन्ही मिळून लाज. माझं वाक्य वाचून बाईंनी विचारलं होतं, "आता वाटते, की पूर्वी वाटायची? पूर्वीचं असेल तर शब्दाचा शेवट बदलावा लागेल." मी थोडा विचार केला आणि शेवट तसाच ठेवला. खरं लिहायचं असा नियमच होता.

बाबांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. सगळे त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतात. पेंटरला वाचता येत नाही, हे मात्र आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. "कागदावर ठळक लिहून आणा, मी मनाने काही घालत नाही," असं ते गिऱ्हाइकाला ठणकावून सांगायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, काय तत्त्वाचा माणूस आहे. आई होती तोवर कागद आणि पाटी तीच ताडून बघायची. मी सातवीत असताना आई माहेरी गेलेली होती आणि नेमकं तेव्हाच आमच्या शाळेच्या पाटीचं काम आलं. शाळेच्या कारकुनाने कच्चा कागद दिला. त्यात एक चुकलेलं अक्षर खोडून, बरोबरचं वर लिहून बाण काढलेला होता. बाबांनी ते खोडलेलं अक्षर खाडाखोडीसकट रंगवलं, पुढे वरून घातलेल्या अक्षराचा बाण रंगवला आणि बाणाला छानशी सावलीही दिली. अख्खी शाळा मधल्या सुट्टीत पाटीखाली लोटली. बाबा शिडीवर चढून ते पुसत होते. माझ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "तुझे बाबा ना गं ते?" मी म्हटलं, "नाही. आमच्या शेजारी राहतात."

तेवढ्यावर थांबलं असतं तर पोरवय म्हणून मी स्वतःला माफही केलं असतं. पण नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'निवृत्त चित्रकला शिक्षक' असं लिहिलं, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता. आणि कालच मी बाबांना सांगितलं होतं, "उद्या त्या आश्रमाच्या बाई घरच्यांना भेटायला येणार आहेत ना, तेव्हा तुम्ही फार बोलू नका." ते बरं म्हणाले होते. तेव्हा पाटी अर्धी झालेली असणार, खाटेखाली वाळत पडलेली.

"बाबा, आपण पाटी आत लावू या का?" मी विचारून बघितलं. "बाहेर ऊन लागेल."

"माझ्या पाट्यांना ऊन? पंचवीस पंचवीस वर्षं टिकल्यात उन्हात."

"त्यांच्याकडे असं दारावर लावत नाहीत."

"मग आपल्याकडे लावतात म्हणून सांग."

ते दाढी करायला बसले तेव्हा मी पक्कड हातात घेतली होती. खिळे दोनच होते. पण पाटी का काढली म्हणून विचारलं तर काय सांगणार, हे काही सुचेना. आतून ते इस्त्रीचा शर्ट कुठे आहे म्हणून विचारत होते. मी पक्कड ठेवून दिली आणि त्यांना शर्ट काढून दिला.

चारला पाच मिनिटं कमी असताना दोघी आल्या. पाहुण्या ठेंगण्या, साठीच्या, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर दुभाष्या म्हणून आमच्या बाई. बाबा दारात उभेच होते. पाहुण्या पायरीपाशी आल्या, त्यांनी वर बघितलं आणि त्या थांबल्या. पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं. बाईंनीही वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. फूल त्यांनीच दिलेलं होतं.

"हे कोणी लिहिलं?" पाहुण्यांनी मला हळूच विचारलं.

"वडिलांनी," मी त्यांच्या भाषेत म्हटलं.

"त्यांना जपानी येतं?"

"नाही. त्यांना कुठलीच भाषा वाचता येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे बाहेरच्या माणसाला सांगितलं, आणि तेही बाबांच्या तोंडावर, त्यांना कळणार नाही अशा भाषेत. बाबा हसून मान डोलावत होते. मी त्यांची ओळख करून देतेय असं त्यांना वाटलं.

"काय म्हणाल्या?" त्यांनी बाईंना विचारलं.

"अक्षर फार सुंदर आहे म्हणाल्या," बाई म्हणाल्या. पाहुण्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बाबांपुढे कमरेतून वाकल्या. इतका वेळ वाकून राहिल्या, की गडबडून बाबाही वाकले आणि त्यांना चौकट धरावी लागली.

आत चहा झाला. पाहुण्यांनी माझा अर्ज काढला, व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं, बाबांच्या नखांतला पांढरा रंग बघितला आणि फाइल मिटली. मला वाटलं, संपलं सगळं. पण जाताना त्या म्हणाल्या, सहा आठवड्यांनी रुजू व्हा. बाबांशी मात्र त्या निरोपाचंही नीट बोलल्या नाहीत, नुसत्या पुन्हा वाकल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी कप विसळत उभी राहिले.

"सुस्वागतम नाही ना ते?" बाबा मागून म्हणाले.

"तेच आहे. का?"

"पोरी, पाटी लावून झाली की मी समोर जाऊन उभा राहायचो. वाचणाऱ्यांची तोंडं बघायला. मला तेवढंच वाचता येतं. सुस्वागतम वाचून माणूस आत येतो. ह्या थांबल्या. आणि मग दोघींनी तुझ्याकडे बघितलं."

मी नळ बंद केला आणि सांगितलं. आपल्या भाषेत ते वाक्य फारच स्वच्छ ऐकू येत होतं.

बाबा उठून बाहेर गेले. मीही मागोमाग गेले. ते पाटीसमोर जाऊन उभे राहिले.

"त्यात बाप कुठला?"

मी 父 दाखवलं.

"हा होय. चार रेघांचा. हा लगेच जमला. आणि लाज?"

मी दाखवलं.

"त्यालाच वेळ लागला सगळ्यात. तीनदा पुसलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेपासूनच ना? तू शेजारी म्हणालीस ते मी ऐकलं होतं. शिडी कितीशी उंच असते."

मी ओले हात कपड्यांना पुसले.

"आणि अजून वाटते?"

नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. "कधीकधी," मी म्हटलं.

"हं," बाबा म्हणाले. "बारीक ब्रश आण. आणि लाल डबी."

बाबांना सही येत नाही. पाटी मनासारखी उतरली की खालच्या कोपऱ्यात ते एक लाल टिंब काढायचे आणि त्याच्याखाली छोटी आडवी रेघ. नाही उतरली तर कोपरा कोरा. या पाटीचा कोपरा कोरा होता.

मी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. हल्ली त्यांचा हात कापतो, तसा तो हवेत कापलाही, पण फळीला टेकल्यावर थांबला. टिंब काढलं, रेघ ओढली. मग माझ्या खांद्यावर भार देत ते एकेक पाय खाली आले.

"रात्रभर वाळू दे," ते म्हणाले. "हात लावू नकोस."