सहा एकेचाळीसचे आभार

तेलंगणातल्या तलमडुगु मंडळातल्या एका मराठी गावात प्रतिभा मॅडमचं नाव ‘ढगवाल्या मॅडम’ पडलं, त्याला कारण एक धूमकेतू. तो बघायला त्यांनी सगळ्या गावाला शाळेच्या मैदानावर बोलावलं. गाव जमलं, आणि ढगही जमले. धूमकेतू आता हजारो वर्षांनी येणार असल्यामुळे पुढची तारीख देता आली नाही. तेव्हापासून मॅडम दिसल्या की भाजीवाली गयाबाई आधी आभाळाकडे बघायची आणि मग अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर ताडपत्री टाकायची.

या खेपेला आभाळाकडून काही दगाफटका नव्हता. जानेवारीतलं स्वच्छ, कोरडं आभाळ. अवकाशात फिरणारं, आत माणसं राहतात ते स्थानक शुक्रवारी सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी नैर्ऋत्येला उगवून थेट गावावरून जाणार होतं. दुर्बीण नको, काही नको, फक्त मान वर करायची. मॅडमनी घरोघर जाऊन मिनिटासकट वेळ सांगितली. गयाबाई हसली, तेव्हा मॅडम भरात बोलून गेल्या की, या वेळी दिसलं नाही तर गावात परत आभाळाचं नाव काढणार नाही आणि पोरांचा आकाश क्लबही बंद करीन. घरी आल्यावर त्यांना कळलं, क्लबातली चौदा पोरं गयाबाईच्या दारामागे उभी राहून हे ऐकत होती.

मुख्याध्यापक बाबाराव सरांनी मॅडमची दरखास्त उभ्या उभ्या मंजूर केली. मॅडमनी मागितलं होतं मैदान आणि अंधार. सरांनी मोठ्या मनाने मंडप, माईक, दोन हॅलोजन आणि एक मुख्य पाहुणे दिले.

शुक्रवारी चार वाजता मॅडम मैदानावर आल्या, तर मंडपवाला मारोती शेवटची कनात ताणत होता. वर झालरीचं लाल-पिवळं छत, चारही बाजूंनी कनाती. आभाळ बघायच्या कार्यक्रमात आभाळ सोडून बाकी सगळं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, भाऊ, हे छत काढा. मारोतीने हातोडी खाली ठेवली.

“काऊन? ढग येऊन राह्यले का?”

सरांनी समजूत घातली की पाहुणे भैंशाहून येऊन राह्यले, त्यांच्या डोक्यावर दव पडलं तर शाळेची शोभा जाते. सहा एकेचाळीसला सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर नेऊ, तुमी बिनघोर राहा.

पाहुणे भगवंतराव, कापसाचे व्यापारी, सहा वाजून पाच मिनिटांनी ‘दोनच शब्द’ बोलायला उभे राहिले. सहा पंचविसाला ते स्वतःच्या तिसरीच्या वर्गात पोचले होते. मॅडमनी चिठ्ठी पाठवली. भगवंतरावांनी ती वाचली, सूचनेबद्दल समाधान व्यक्त केलं आणि चौथीत गेले. मॅडमनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. बोलत्या पाहुण्याला थांबवणं त्यांच्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत झालेलं नव्हतं.

आणि लोक तर उठणारच नव्हते. आभार प्रदर्शनाआधी कार्यक्रमातून उठणं म्हणजे भर पंगतीत पानावरून उठणं, अशी गावाची रीत. तीनशे माणसं छताखाली मांडी घालून आभाराची वाट बघत होती. घड्याळात सहा अडतीस. कागदावरच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ होती, आभार: प्रतिभा मॅडम.

सहावीच्या निकालानंतर भगवंतराव पाणी प्यायला थांबले.

मॅडम उठल्या, माईक आपल्याकडे वळवला आणि एका दमात बोलल्या, “पाहुण्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल, सरांच्या सहकार्याबद्दल आणि मारोतीभाऊंच्या मंडपाबद्दल सर्वांचे आभार मानते आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करते.”

तीनशे माणसं एकदम उभी राहिली. सवयच ती. खुद्द भगवंतरावही पेल्यासकट हात जोडून उभे राहिले, कारण आभार झाल्यावर बसून राहायचं नसतं हे त्यांनाही ठाऊक होतं. मॅडम कनातीकडे धावल्या. मारोतीने काय समजायचं ते समजून कनात वर उचलली, आणि कोणी न सांगता हॅलोजनही बंद केले.

मैदानावर सगळ्यांनी माना वर केल्या. सहा एकेचाळीस झाले. काही नाही. शेजारी गयाबाई होतीच.

“मॅडम, घरी जाऊन ताडपत्री टाकू का?”

तेवढ्यात क्लबातली हर्षाली कडुलिंबाकडे हात करून ओरडली, “वच्चिंदी, वच्चिंदी.” शाळेतलं तेलुगू अशा वेळी आधी तोंडात येतं. मग मराठीतही झालं, आलं, आलं. कडुलिंबाच्या शेंड्यावरून एक ठिपका निघाला होता. तो चढत गेला तसा उजळत गेला, सगळ्या चांदण्यांवर मात करून, आवाज नाही, लुकलुक नाही, एखाद्या कामाच्या माणसासारखा सरळ. पोरं त्याच्या खालून मैदानभर धावत सुटली, जणू गाठणारच. म्हातारी माणसं टोप्या धरून गोल फिरली. मॅडमना हसू आणि रडू एकदम आलं.

“आत किती जण हायेत?” गयाबाईने मान खाली न घेता विचारलं.

“सात.”

“जेवले असतील का ते?” म्हणत तिने पदर हलवला. मग सगळं गावच हात हलवायला लागलं. भगवंतरावांनी पेला हलवला.

डोक्यावरून पुढे सरकत ठिपका ईशान्येला मंद झाला आणि बघता बघता विझला.

“ढग?” गयाबाईने विचारलं.

“नाही. पृथ्वीच्या सावलीत शिरलं. आपल्याच.”

भगवंतरावांनी हळूच विचारलं की पुन्हा कधी. रविवारी सहा बेचाळीसला, जरा उत्तरेकडून, मॅडमनी सांगितलं. ते म्हणाले, येतो, बोलायचं काही राहिलेलं नाही. सरांनी लगेच मारोतीला जवळ बोलावलं. मारोती म्हणाला, छत सोडून काय लागेल ते सांगा.

गयाबाई पायात चपला घालत होती. जाता जाता थांबली.

“तं मंग रविवारी मिरच्यांवर ताडपत्री नाही टाकत.”