समोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. सरकारी वकीलबाईंच्या टेबलासमोरची, आल्यागेल्यासाठी ठेवलेली. माझे हात एका सुताराने घडवले आणि बैठक त्याच्या बहिणीने वेताने विणली. विणताना ती गुणगुणायची:

वेत भिजवला बाई, वीण घालते चौकडा,
बसो राव, बसो रंक, भार एकच तेवढा.

पुढे माझ्यावर पुष्कळ जण टेकले. "ही खुर्ची फार कुरकुरते," असं सगळे म्हणत. कुरकुरायचं त्यांचं काळीज, नाव मात्र माझं!

एका वर्षी इस्त्रीवाल्याचं प्रकरण गाजलं. पहाटे एक तरुण सुरा घेऊन त्याच्या दुकानात शिरला. तिथेच इस्त्रीवाल्याची मुलगी निजली होती. झटापटीत इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री हाणली आणि तरुण मेला. निम्मे लोक म्हणत, बापाने दुसरं काय करायचं? निम्मे म्हणत, जिवाच्या बदल्यात जीव द्या. खुनाचा आरोप ठेवायचा की स्वसंरक्षण म्हणून सोडायचं, हे बाईंनी ठरवायचं होतं.

मुलगी माझ्यावर अंग चोरून बसली. "सुरा माझ्याकडे रोखला होता. बाबा मध्ये आले," एवढंच बोलली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

मेलेल्या तरुणाची आईही आली. म्हणाली, "चुकला असेल तो. पण माझा होता."

मग बाईंचे साहेब आले. ते कधी बसत नसत, माझ्या पाठीवर कोपर टेकत.

"खूनच लावा. बाहेर घोषणा ऐकताय ना? वरची जागा रिकामी होतेय, तुमचं नाव मीच पुढे केलंय."

"पण साहेब, जखम समोरून, कपाळावर आहे. सुराही त्याच्याच हातात सापडला."

"ते न्यायाधीश बघतील. आपण कशाला वाईटपणा घ्या?"

साहेब गेले. बाईंनी पेन उघडलं. तेवढ्यात शिपाईमामा फडकं घेऊन आले. "बाई, जरा तिकडे बसता? टेबल पुसतो."

इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदा माझ्यावर बसल्या. समोर त्यांच्या रिकाम्या खुर्चीमागे चौकटीत एका जुन्या खटल्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण होतं: बाईंचा हसरा फोटो आणि वर ठळक अक्षरं, 'अखेर फाशी मिळवलीच'.

"मामा, हे इथून एवढं मोठं दिसतं?"

"तेवढंच दिसतं, बाई. तुमची पाठ असते ना त्याला."

बाई बराच वेळ उठल्या नाहीत. "म्हणजे ती पोरगी हेच बघत होती," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांनी स्वतः ते कात्रण उतरवलं. खुनाचा आरोप ठेवला नाही. तरुणाच्या आईला ते सांगायला बाई माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या. आईने त्यांना शिव्या दिल्या, मग पाणी मागितलं. जाईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही, बाईंनी तिचा.

वरची जागा दुसऱ्याला मिळाली. कात्रणाच्या खिळ्याला आता मामांची छत्री असते. माझा वेतही नव्याने विणलाय. मी सुखात आहे. बाई अधूनमधून चहा घेऊन माझ्यावर येऊन बसतात, तेव्हा मी मुळीच कुरकुरत नाही.

मित्रांनो, घरातल्या खुर्च्यांचे खिळे घट्ट ठेवा, वेत ओल्या फडक्याने पुसत जा. आणि कुणाचा निवाडा करायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या खुर्चीत बसून आपल्या मागची भिंत बघून या.