हालिम अंकलच्या रबरी पट्ट्या

सिंगापुरात बर्फ उपसायचं यंत्र लागतं असं पुण्यात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या पगाराची चौकशी करतात. हसू द्या. आमच्या कंपनीचं बंदिस्त बर्फगृह आहे. बाहेर बत्तीस अंश, आत उणे पाच. दिवसभर शाळेची पोरं उतारावरून घसरून सगळा बर्फ खाली आणतात, आणि रोज सकाळी दारं उघडण्याआधी तो यंत्राने पुन्हा वर उडवावा लागतो. यंत्राच्या पुढचं गिरमिटासारखं पातं बर्फ आत ओढतं आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. या कारभाराचा देखभाल मॅनेजर मी, निशिकांत. भोसरीत बारा वर्षं मशिनं सांभाळली, इथे नऊ.

आमच्या बर्फाला एक खोड होती. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरायची आणि बर्फ पाणी जास्त झालेल्या साबुदाण्यासारखा गिच्च व्हायचा. नळकांडं दर दहा मिनिटांनी तुंबायचं. मग यंत्र बंद करा, प्लग काढा, लाकडी दांड्याने उकरा, पुन्हा सुरू करा. यंत्र बनवणाऱ्यांना मी तीन ईमेल लिहिले. हे यंत्र कोरड्या बर्फासाठी आहे, असं तिन्ही वेळा गोड शब्दांत उत्तर आलं.

तोडगा काढला हालिम अंकलनी. हे आमचे फिटर. मलय गृहस्थ, वय चौसष्ट, राहायला तोआ पायोहला, उभी हयात जहाजदुरुस्तीत गेलेली. या वयात करार एकेक वर्षाने वाढवून मिळतो, आणि त्यांचा ऑक्टोबरअखेर संपणार होता. त्यांनी यंत्र उघडलं आणि मला दाखवलं: पंख्याची पाती आणि बाहेरचं कवच यांच्यात बोटभर फट होती. ओला बर्फ फेकला जाण्याऐवजी त्या फटीतून मागे सरकत होता आणि तिथेच थिजत होता. त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, जुन्या रबरी मॅटच्या चार पट्ट्या काढल्या आणि चारही पात्यांना बोल्टने अशा बसवल्या की रबराची कड कवचाला जेमतेम घासावी. पंखा हाताने सावकाश फिरवून, कान लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी बर्फ वीस फूट उडाला आणि एकदाही अडकला नाही.

मी आमच्या संचालिका मिस टान यांना ईमेल केला, "माझ्या कल्पनेनुसार आमच्या टीमने यंत्रात सुधारणा केली." माझी कल्पना म्हणजे काय, तर मी शेजारी उभा राहून कॉफी प्यायलो होतो. ईमेलची प्रत अंकलना पाठवली नाही. विसरलो, असं म्हणायची सोय नाही. त्यांचं नाव मी यादीत टाकलं होतं आणि मग काढलं होतं.

दोन महिने छान गेले. मग खंडेनवमी आली. भोसरीत त्या दिवशी मशिनं बंद ठेवून, पुसून, हळदकुंकू वाहून माळा घालायचो. इथे नऊ वर्षं मी लॅपटॉपला कुंकू लावून भागवलं होतं. यंदा मात्र त्या यंत्राने माझी इभ्रत राखली होती, म्हटलं त्याची पूजा व्हायलाच हवी. मेधाने, माझ्या बायकोने, टेक्का बाजारातून झेंडू आणून वीतभर माळ ओवली. साधा दोरा भिजून तुटेल म्हणून तिने नायलॉनचा घेतला.

मी परवानगी मागायला हवी होती. चिनी नववर्षाला ऑफिसात संत्री ठेवतात, दिवाळीला आमच्यासाठी लाडू येतात, कुणी नाही म्हटलं नसतं. पण यंत्राला कुंकू लावणारा मॅनेजर लोकांना कसा दिसेल, याची मला लाज वाटली. म्हणून संध्याकाळी सगळे गेल्यावर मी यंत्राच्या मुठीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही असं, कुंकवाचं बोट लावलं आणि माळ नळकांड्याच्या आत खोल अडकवली. देवाला नमस्कारसुद्धा मी चोरासारखा केला. सकाळी लवकर येऊन काढायची, असं ठरवलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी घरची पूजा लांबली. पुंगोलच्या घरून निघून पोचेपर्यंत पावणेआठ झाले. अंकल सातला यंत्र सुरू करतात. आत शिरताच जळका वास आला. अंकल प्लग काढून यंत्रापाशी उभे होते. मोटर गेली होती. पट्ट्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. बाहेर एकशेवीस मुलांची शाळा बसमधून उतरत होती, तिला परत पाठवावं लागलं. आणि माझ्या बुटाजवळ बर्फावर झेंडूची एक केशरी पाकळी पडली होती. चोराच्या मनात चांदणं. मी तिच्यावर बूट ठेवला.

दहा वाजता मिस टाननी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी मला विचारलं, "ही सुधारणा तुमच्या कल्पनेची होती ना? काय चुकलं?"

मला काय चुकलं ते पक्कं ठाऊक होतं: माळेचा नायलॉनचा दोरा पंख्यात गुंतला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर मी स्वतःला सांगू पाहिलं की तेव्हा खात्री नव्हती.

"कल्पना बरोबर होती," मी म्हणालो. "रबर चुकीचं निवडलं. ते काम हालिमचं."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. मिस टाननी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, पट्ट्या काढा, यंत्र मूळचं होतं तसं करा, आणि या वयात असे प्रयोग नकोत, करार आता पुढे वाढवायचा नाही.

दुपारी मी वर्कशॉपमध्ये गेलो. अंकल हत्यारं पुसत होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आत पिळवटलेला नायलॉनचा दोरा होता आणि चुरगळलेली फुलं.

"सर, पूजेची वस्तू," ते म्हणाले. "मी अशी कचऱ्यात टाकत नाही. तुमची तुम्ही घ्या."

"कधी सापडली?"

"सकाळी. यंत्र उघडलं तेव्हा."

म्हणजे मिस टानच्या खोलीत मी बोलत होतो तेव्हा ती पिशवी त्यांच्या खिशात होती. मी पिशवी घेतली. निर्माल्य कचऱ्यात टाकू नये, हे त्या माणसाला कळत होतं. मला मात्र आभार मानण्याचंसुद्धा सुचलं नाही.

मेधाने माळेचं विचारलं तेव्हा मी "विसर्जन केलं" म्हटलं. माझा पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज सरकारदरबारी पडलेला होता, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणत राहिलो. रोज सकाळी अंकल "मॉर्निंग, सर" म्हणायचे आणि मी मोबाइलमध्ये बघत उत्तर द्यायचो. लाज मला पहिल्या दिवसापासून वाटत होती. पण नुसती लाज वाटून काही होत नाही, माणूस तिच्यासकट जेवतो आणि झोपतो.

मला बोलतं केलं ते गिच्च बर्फाने. नवी मोटर आली, यंत्र मूळचं झालं आणि पुन्हा दर दहा मिनिटांनी तुंबायला लागलं. मिस टान म्हणाल्या, "कल्पना तुमचीच होती. तुम्ही योग्य रबर घेऊन पट्ट्या बसवा. उद्यापर्यंत."

मी बसलो पट्ट्या कापत. पहिल्या चार आखूड पडल्या. दुसऱ्या चार कवचाला अशा घट्ट बसल्या की पंखा जागचा हलेना. तिसऱ्या खेपेला बोल्ट वाकडा गेला. वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला अंकल त्यांची हत्यारं खोक्यात भरत होते. ते एकदाच उठले, पुठ्ठ्याचा जुना नमुना माझ्या टेबलावर ठेवला आणि परत जाऊन बसले.

तेव्हा मी उठलो आणि मिस टानकडे गेलो. सगळं सांगितलं: कल्पना कुणाची, माळ कुणाची, पाकळीवर बूट कुणाचा.

"विचारलं असतंत तर मी स्वतः फुलं आणली असती," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि अंकलच्या नव्या कराराचे कागद छापून माझ्याच हातात ठेवले. "तुम्हीच नेऊन द्या."

अंकलनी ते कागद चष्मा लावून पूर्ण वाचले.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"आज?"

"आज."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. नऊ झाले. "माझी बायको रोज विचारते, असं काय चुकलं तुमच्या हातून? मी म्हणतो, चुकलं. आता तिला काय सांगू?"

"मी सांगतो," माझ्या तोंडून निघून गेलं. अंकलनी मान हलवली, नको म्हणतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, "सहाला निघतो. चला."

तोआ पायोहला त्यांच्या जुन्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर आम्ही गेलो. त्यांच्या बायकोने, आंटींनी, दार उघडलं आणि मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. नवऱ्याने वाटेतून साहेब येताहेत असं कळवलं असावं, कारण टेबलावर तळलेली केळी आणि चहा मांडून ठेवला होता.

"या, सर, या," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलंय मला. मीटिंगमध्ये सगळे यांच्या विरोधात होते, तुम्ही एकटेच यांच्या बाजूने भांडलात. मला केव्हापासून तुमचे आभार मानायचे होते."

मी अंकलकडे पाहिलं. ते खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. तिला आपल्या माणसाचा अपमान झालेला दिसू नये म्हणून त्यांनी मला चांगला माणूस करून ठेवलं होतं.

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "आंटी, मी भांडलो नाही. यंत्रात माझी माळ अडकली होती. चूक माझी होती आणि मला माहीत असताना मी ती यांच्यावर ढकलली."

त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं. ते खरं आहे, हे त्यांना तिथेच दिसलं असणार.

"नऊ दिवस मी यांना बोलतेय," त्या हळू म्हणाल्या, मला नव्हे, स्वतःलाच. "म्हातारे झालात, म्हटलं. हाताला आता काम कळत नाही, म्हटलं."

त्या जाऊन अंकलच्या शेजारी बसल्या, माझ्याकडे पाठ करून, आणि त्यांचा तो तेलाने काळा पडलेला हात दोन्ही हातांत घेतला. मला कुणी बसा म्हणालं नाही आणि कुणी जा म्हणालं नाही. मी दारात तसाच उभा राहिलो.