गंगेपलीकडचा सामना

प्रभावतीबाईंनी ताटातले तांदूळ निवडले, डब्यात ओतले आणि पुन्हा ताटात काढून निवडायला बसल्या. तांदळात खडा नव्हताच. खडा होता तो जिवात, आणि तो काही केल्या हाताला लागत नव्हता.

आज तिसऱ्या प्रहरी रामनगरला इराचा सामना होता. इरा म्हणजे इरावती, बाईंची नात, मुलींच्या खो-खो संघाची कप्तान. आणि रामनगर म्हणजे गंगेपलीकडे.

पलीकडे, हेच तर दुखणं. नवऱ्याचं तेरावं झालं तेव्हा बाईंनी पंचगंगा घाटावर हातात पाणी घेऊन क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, असा तो संकल्प. मंत्र सांगायला दीर श्रीनिवासभाऊजी बसलेले, म्हणजे पळवाटेला जागा नाही. काशीत मरण आलं की सुटका, आणि पलीकडच्या काठावर मेलं की गाढवाचा जन्म, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा बाईंना काही जड गेलं नाही. जायचं होतं कुठे? देव हाकेवर, भाजीवाला दारात आणि खो-खोचं मैदान गल्लीच्या तोंडाशी. मिसिरांच्या त्या मैदानावर इराचा एक सामना त्यांनी चुकवला नव्हता. खांबामागे पाट टाकून बसायच्या आणि पंचाला असं काही ऐकवायच्या, की तो बिचारा शिट्टी फुंकण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून घ्यायचा.

मग त्या मैदानाच्या कायापालटाचं काम निघालं. भोवती पत्रे, आत जेसीबी आणि फाटकावर नव्या स्टेडियमचं हे एवढं चित्र. बाई देवळात जाता-येता ते बघायच्या आणि नाक मुरडायच्या. "रंगीत खुर्च्या मांडल्यात, पण चित्रात एक म्हातारी दिसेल तर शपथ. आम्हाला काय आधीच पोचवून टाकलंय?" दोन हिवाळे गेले. पत्रे गंजले, चित्र उन्हाने पांढरं पडलं आणि सामने कधी मिर्झापूरला, कधी चंदौलीला. पोरगी पहाटे बॅग उचलून जायची आणि संध्याकाळी धूळ अंगावर घेऊन यायची. बाईंच्या वाट्याला सामना यायचा तो चहाबरोबर, शिळा.

सगळ्यात बोचलं ते हे, की आज निघताना इराने "ये" म्हटलंसुद्धा नाही. पाया पडली, "आजी, टेन्शन नको घेऊस हं, फोन करते" म्हणाली आणि गेली. आजीच्या व्रताचा मान राखला तिने. मान राखला म्हणून राग येतो, हे सांगायचं तरी कुणाला?

"आई, त्या तांदळाचं आता पीठ होईल," सून देवयानी म्हणाली.

"होऊ दे. धिरडी घाल."

"इराच्या मैत्रिणीला लावून देऊ का फोन? ती सांगत राहील काय चाललंय ते."

"फोनवर खो-खो! उद्या फोनवरच जेवायला वाढशील." ताट सरकवून बाई उठल्या आणि तरातरा जिना उतरल्या. देवयानी शाल घेऊन मागे धावली.

भोसले घाटाच्या पायऱ्यांवर श्रीनिवासभाऊजी ऊन खात पेपर वाचत होते.

"भाऊजी, रामनगर काशीत धरतात का हो?"

"नाही वहिनी. ती व्यासकाशी. आपली नव्हे."

"आणि पाऊल नाही टेकवलं तर? गाडीतल्या गाडीत बसून राहिलं तर?"

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवला. "यमराज काय गाडीची काच खाली करायला सांगणार आहे? संकल्प म्हणजे संकल्प. आणि खेळाचं काय एवढं? पोरगी पुढल्या वर्षीही खेळेल."

"आणि पुढल्या वर्षी मी?"

भाऊजींनी पेपराची घडी नीट केली. पुन्हा मोडली. पुन्हा नीट केली.

"जन्मभर पोथ्या उलटल्यात," बाई म्हणाल्या, "आणि म्हातारीला एक वाट नाही काढून देता येत." पाठ फिरवून त्या पायऱ्या चढू लागल्या.

वर रस्त्याला लागून त्यांनी टोटो थांबवला. बॅटरीवरच्या त्या रिक्षात देवयानी आधी बसेना.

"आई, कुठे निघालात?"

"विचारू नकोस. विचारलंस तर मी उतरेन."

"दर्शन करने, माताजी?" टोटोवाला म्हणाला.

"हाँ, दर्शन ही समझो. हाँको जल्दी!"

पुलावर बाईंनी समोरची दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. ते नामस्मरण होतं की टोटोवाल्याला शिव्या, हे देवयानीला कळलं नाही. "संपलं का पाणी?" त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा देवयानी म्हणाली, "संपलं, आई."

मैदानावर शेवटचा डाव चालू होता. बाई गर्दीतून वाट काढत थेट खांबामागे गेल्या. समोरच्या गोरखपूरच्या संघाची एकच मुलगी पळायची उरली होती. लांब वेणीची, सापासारखी चपळ. वेळ संपण्याआधी तिला बाद केलं की इराचा संघ जिंकला, नाहीतर घरी.

"एवढी एक पडू दे," देवयानी पुटपुटली. "मग फायनल. लखनौला."

"कुठे?"

"लखनौला. पुढल्या महिन्यात."

बाईंनी हिशेब मांडला होता तो आजच्या दिवसापुरता. एकदाच ओलांडायचं, काय ते प्रायश्चित्त घ्यायचं, पुन्हा घर. लखनौ म्हणजे आगगाडी, परक्या गावात मुक्काम, आणि छातीत काही झालं तर गंगेचं पाणीही हाताशी नाही. पोरी हरल्या तर इथेच सुटका. आणि देवाशपथ, बाईंच्या मनात येऊन गेलं, की हरू देत.

तेवढ्यात वेणीवाली हुलकावणी देऊन खांबाकडे वळली. इराला खो मिळाला. ती उठली, झेपावली, आणि खांबामागची म्हातारी तिला दिसली. तिचा पाय अडखळला. तोंड उघडंच राहिलं.

शालीचं टोक बाईंच्या दातात होतं. नुसतं गप्प राहिलं असतं, तरी पोरी हरल्या असत्या.

"मला काय बघतेस मेले!" बाई कडाडल्या. "खांब मार!"

इराने खांबाला हात घालून अंग झोकून दिलं. बोटं वेणीवालीच्या टाचेला लागली. शिट्टी झाली, आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना.

पोरींच्या घोळक्यातून सुटून इरा आली ती रडतच. "आजी, तू इकडे? आणि व्रत?"

"मोडलं."

"मेरी वजह से?"

"तुझी कसली वजह? पाय माझे, वहाणा माझ्या. आणि तू मधेच थांबलीस कशाला गं? पोरगी हातची गेली असती."

"पण आई," देवयानी हळूच म्हणाली, "लखनौला जायचं, आणि तिकडेच काही झालं तर?"

बाईंनी पुलाच्या दिशेने पाहिलं. काशी धुरकट दिसत होती.

"झालं तर गाडी करून आणा मला. मणिकर्णिका काही विचारत बसत नाही, मढं कुठनं आलं म्हणून. मरण तिथलं नसेल, पण राख तर होईल तिथे. तेवढ्यावर भागवीन मी." मग त्या इराकडे वळल्या. "रडणं आटप आता. ती लखनौची गाडी कितीला सुटते? आणि मला खालचा बर्थ हवा, सांगून ठेवते."