आखूड टोपीची केप

विणायच्या मशीनला काकू कुणाला हात लावू देत नसे. तिचा नवरासुद्धा खिडकी उघडायला जाताना त्या टेबलाला वळसा घालून जाई. मुभा होती ती एकटीला, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेच्या मुलीला. ती चार वर्षांची होती. अंगानं बारकी आणि जिभेनं तिखट, म्हणून तिला सगळे मिरी म्हणत. दीर आणि धाकटी जाऊ सकाळी कामावर गेले की मिरी जिना चढून वर यायची आणि संध्याकाळपर्यंत काकूचीच असायची. काकूला मूल नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

मशीन म्हणजे टेबलावर आडवी बसवलेली एक लांब पट्टी आणि तिच्यात ओळीनं उभ्या सुया. त्यांच्यावर बसवलेलं मुठीचं कॅरेज या टोकाकडून त्या टोकाला सरकवलं की खर्रकन एक ओळ विणून व्हायची. विणलेलं कापड टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राही आणि ते ताणलेलं राहावं म्हणून त्याला लोखंडी वजनं अडकवलेली असत. कापड वाढलं की वजनं काढून वर लावायची. हे खातं मिरीचं.

"काकू, वजनं जमिनीला टेकली!" ती टेबलाखालून ओरडायची.

"मग उचला, साहेब."

"साहेब नाही. मी मुकादम आहे."

असं वर्षभर चाललं होतं. मग मावशी आली.

मावशी म्हणजे धाकट्या जावेची धाकटी बहीण. तिला याच भागातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती आणि राहायला जागा मिळेपर्यंत ती बहिणीकडे उतरली होती. काम सकाळचं, दुपारी जेवायला घरी हजर. मिरी हळूहळू दुपारनंतर वर येईनाशी झाली. खालून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा आणि काकूचं कॅरेज मध्येच थांबायचं. काय बरं एवढं हसण्यासारखं असेल, असा विचार करत ती ओळी मोजायला चुकायची.

कधी कधी मावशीच मिरीला कडेवर घेऊन वर यायची. हे जास्त वाईट होतं. ती गोष्टी सांगायची, तेही आवाज बदलून. दाराचा आवाज, म्हाताऱ्या वाऱ्याचा आवाज. एका मुलीला वारा उडवून न्यायला टपलेला असतो, पण ती टोपीची केप डोक्यावर ओढून घेते आणि वाऱ्याला ती ओळखूच येत नाही, अशी एक गोष्ट मिरीनं पुन्हा पुन्हा सांगायला लावली. काकूला गोष्टी येत नव्हत्या. तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला होता, तेव्हा मिरीनं मध्येच विचारलं होतं, "संपली?"

"मला तसली केप पाहिजे," मिरी म्हणाली. म्हणाली मावशीकडे बघून.

"देऊ की. मला क्रोशाचं येतं," मावशी म्हणाली. "आठवड्याभरात विणून होईल. हो ना, वहिनी?"

"घरात मशीन असताना हातानं कशाला?" काकू पटकन बोलून गेली. "उद्या संध्याकाळी तिच्या अंगात घालते."

"उद्या? बाप रे! तुम्ही म्हणजे कारखानाच आहात."

मावशीनं ते कौतुकानं म्हटलं असावं. काकूला ते रात्री जेवतानाही आठवत होतं.

"मी कारखाना आहे का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं ताटातून डोकं वर केलं. "कसला?"

"जाऊ दे. भाजी वाढू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतली निळी लोकर काढली. केपचा घेर सोपा होता. खाली रुंद, वर मानेपाशी टाके कमी करत न्यायचं. दुपारपर्यंत तो उतरला. राहिली टोपी. टोपी म्हणजे खरं तर नुसती एक चौकोनी पट्टी. ती मधोमध दुमडून मागून शिवली की डोक्यावर बसते. मिरीला तिनं मुद्दाम खाली जाऊ दिलं नाही.

"मावशी जेवायला आली असेल," मिरी टेबलाखालून म्हणाली.

"येऊ दे. मुकादम रजेवर गेले तर कारखाना कसा चालणार?"

मिरी हसली, पण तिचा एक कान जिन्याकडे होता. तेवढ्यात खालून हाक आलीच, "मिरे! वारा आला गं!" मिरीची चुळबुळ सुरू झाली.

"थांब, एकच मिनिट," काकू म्हणाली. "माप घेते आणि सोडते तुला." तिनं मिरीला मशीनपुढे उभं केलं आणि सुयांना लोंबणारी पट्टी तिच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत धरून पाहिली. अगदी बरोबर आली. तिनं पट्टी बंद करून सुयांवरून काढली, घाईघाईनं शिवून केपला जोडली.

आता ही चूक कुणी नवशिक्या बाईनं केली असती तर काकूनंच तिला झापलं असतं. मशीनवरचं कापड वजनांनी ओढलेलं असतं. ते उतरवलं की रात्रभरात आखडून आपल्या खऱ्या मापावर येतं. म्हणून काकूचा नियमच होता, कापडाला झोपू द्यायचं आणि माप सकाळी घ्यायचं. ऑर्डर घेऊन येणाऱ्या बायकांना ती हे हसत सांगायची आणि कितीही घाई असली तरी ताटकळत ठेवायची. त्या दुपारी तिला नियम आठवला नाही असं नाही. आठवला होता. पण खालून पुन्हा हाक आली होती.

संध्याकाळी मिरी केप घालून गल्लीत एक फेरी मारून आली. काकू जिन्यात उभी राहून बघत होती आणि मावशी "वा, वहिनी, वा!" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी मिरीच्या डोक्यावर मागेच अडली. कपाळ उघडं, कान उघडे. वाटीत मोठा बटाटा ठेवावा तसं ते दिसत होतं.

"वारा मला ओळखेल," मिरी म्हणाली आणि तिचा ओठ थरथरायला लागला.

"उसवते आणि परत विणते," काकू म्हणाली. तिचे कान तापले होते.

"अहो, एवढं कशाला उसवता?" मावशी म्हणाली. ती कामावर निघाली होती, पण पर्स तशीच खाली ठेवून बसलीच. "पुढून क्रोशाचा काठ घालू. चार बोटं वाढली की झालं. ही पिवळी लोकर घेऊ का?"

ती काकूच्या टोपलीतली होती. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

काठ दोन दुपारींत झाला आणि फार सुंदर झाला, हे काकूलाही कबूल करावं लागलं, म्हणजे मनातल्या मनात. लहान लहान पाकळ्या होत्या, एकसारख्या. टोपी कानांवर आली, कपाळावर आली आणि पिवळ्या पाकळ्यांच्या मधून मिरीचं नाक तेवढं बाहेर राहिलं. दूधवाला म्हणाला, "अरे, हे फूल कुणाचं?" समोरच्या शिंपिणीनं खास गल्ली ओलांडून काठाचा टाका बघितला. घेराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"कुणी केली गं केप?" तिनं मिरीला विचारलं.

"मावशीनं," मिरी म्हणाली.

काकू दोन पावलांवर उभी होती. घर, मशीन, लोकर, घेर, टोपी, सगळं तिचं; आणि चार बोटांच्या काठानं केप मावशीची झाली. पोरीला काय कळतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. पण पोरीला कळत नाही, हेच तर तिला जाळत होतं.

त्या आठवड्यात मावशीला जागा मिळाली. त्याच गल्लीत, कोपऱ्यावर. म्हणजे ती जाणार नव्हतीच.

केप मळली म्हणून धाकट्या जावेनं ती वर धुवायला पाठवली. "लोकरीचं तुम्हालाच जमतं, वहिनी." दुपारची वेळ होती. मिरी काकूच्या पलंगावर झोपली होती. मावशी नव्या खोलीत सामान लावायला गेली होती. काकूनं केप मांडीवर घेतली आणि काठाचा शेवट शोधला. विणणारीला तो शोधावा लागत नाही, हात आपोआप तिथे जातो. गाठ बारीक आणि घट्ट होती. तिनं ती कात्रीनं कापली आणि धागा ओढला.

क्रोशाचं उसवणं मोठं सोपं असतं. एकेक पाकळी टप टप सुटत गेली. पहिल्या काही पाकळ्यांना तिला इतकं बरं वाटलं की ती थांबलीच नाही, आणि नंतर थांबून उपयोग नव्हता म्हणून थांबली नाही. शेवटी मांडीवर पिवळ्या कुरळ्या धाग्याचा ढीग आणि तीच आखूड, उघडीबोडकी टोपी उरली.

"काकू?" मिरी पलंगावर उठून बसली होती. "काठ कुठे गेला?"

"सुटला," काकू म्हणाली.

मिरीनं ढीग उचलला आणि मावशी परत येईपर्यंत तो छातीशी धरून जिन्यात बसून राहिली. मावशी आल्याचं काकूनं वरून ऐकलं. मग दोघी वर आल्या. मावशीनं धागा हातात घेतला, त्याचं टोक बोटांमध्ये धरलं. टोक सरळ कापलेलं होतं. सुटलेल्या गाठीचं टोक पिळलेलं असतं. हे काकूला ठाऊक होतं आणि मावशीलाही. मावशीनं क्षणभर काकूकडे पाहिलं.

"माझीच गाठ सैल राहिली असणार," ती म्हणाली.

काकूला वाटलं होतं, ही भांडेल, निदान टोमणा तरी मारेल. त्याची उत्तरं तिनं दुपारभर तयार ठेवली होती. ती सगळी वाया गेली. कापणारी आपण, आणि चांगली ठरली ही! आता चांगुलपणातही हिच्या मागेच राहायचं. काकूला ती पूर्वी आवडत नव्हती, या वेळी तर सहनच होईना.

"तुला नीट गाठ मारता येत नाही!" मिरी मावशीवर ओरडली. "काकूचं कधीच सुटत नाही. तू माझी केप खराब केलीस. मी तुझ्या नव्या घरी येणार नाही." आणि ती येऊन काकूच्या पायांना बिलगली.

किती दिवस काकूला हेच हवं होतं. नेमके हेच शब्द, याच सुरात. मिरीचं गरम कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकलं होतं. तिनं डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला. मावशी खाली वाकून जमिनीवर सांडलेला धागा गोळा करत होती. डोळे पुसायचे नाहीत म्हणून ती तो जरा जास्तच वेळ गोळा करत असावी.

"मिरे," काकू म्हणाली. हात तसाच अधांतरी राहिला होता. "गाठ सैल नव्हती. मी कापली."

मिरीनं मान वर केली. "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"का?"

मावशी म्हणाली, "वहिनी, राहू द्या ना."

"तू मध्ये बोलू नकोस," काकू तिच्यावर खेकसली. मग मिरीला म्हणाली, "तू शिंपिणीला सांगितलंस, केप मावशीनं केली. मला राग आला."

मिरी बिलगलेली सुटी झाली. ती एक पाऊल मागे गेली, दोघींच्या मधोमध उभी राहिली आणि दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. मोठ्या माणसांना असलं काही होतं याची तिला कल्पना नसावी. "मग मला सांगायचं ना," ती अखेर म्हणाली. "मी शिंपिणीला परत सांगितलं असतं." आणि ती खाली निघून गेली, काकूबरोबर नाही, मावशीबरोबरही नाही. एकटीच, एकेक पायरी मोठ्यानं आपटत.

"मलाही राग आलाय तुमचा," मावशी म्हणाली. "आत्ता सांगून ठेवते. उगाच मी फार चांगली आहे असं समजू नका."

"हं," काकू म्हणाली. तिला जरासं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपी पूर्ण उसवली आणि नव्यानं विणायला घेतली. मिरी वर आली नाही. वजनं तिची तिलाच वर लावावी लागली. पट्टी उतरवून तिनं ती पलंगावर पसरली आणि रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी मापली, वाढवली, शिवली. आता टोपी कपाळावर येईल, कानांवर येईल एवढी होती. काठाची काही गरज नव्हती. केपची घडी करून ती ठेवणारच होती. मग तिनं टोपलीतला पिवळा गुंडा केपमध्ये गुंडाळला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गेली.

मावशीच्या खोलीत अजून खोकी पडलेली होती आणि त्यातल्या एका खोक्यात मिरी बसली होती. येणार नाही म्हणाली होती, आलीच होती.

"माप बरोबर आहे," तिनं केप मावशीच्या हातात दिली. "काठ नसला तरी चालेल."

मावशीनं टोपी उलटी-सुलटी करून पाहिली. "मग आणलीत कशाला?"

"पाकळ्या चांगल्या होत्या," काकू म्हणाली. हे बोलणं तिला जड गेलं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तिला आवडल्या होत्या."

मावशीनं क्रोशाची सुई शोधली. मिरी खोक्यातून बाहेर आली आणि मावशीच्या गुडघ्याला टेकून बघायला लागली. काकूला बसायला एक खोकं होतं. निघून जावंसं तिला वाटलं, ती बसली. पहिली पाकळी झाली, दुसरी झाली. मिरीचा हात मावशीच्या मांडीवर होता आणि काकू दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होती, पण खोली लहान होती.

"किती वेळ लागेल?" तिनं विचारलं.

"बराच. घाईनं केलं तर वाकडं होतं."

"मग सावकाश कर," काकू म्हणाली. आवाज काही गोड निघाला नाही, पण तिनं शब्द परत घेतले नाहीत.