मोजण्यापुरता कायदा

राज्यातल्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण किती आहेत ते शोधायचं, चार वर्षं मोजत राहायचं आणि मग सभागृहापुढे अहवाल ठेवायचा, असा कायदा मंजूर झाला, तेव्हा थोरलीइतका आनंद दुसऱ्या कुणालाच झाला नसेल. पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. आजवर क्लोरीन आणि जंतू यांपलीकडे तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता नवा सूक्ष्मदर्शक आला, काचेच्या बाटल्या आल्या. शिवाय नियम आला, की त्या खोलीत सुती कपड्यांशिवाय पाऊल टाकायचं नाही. कृत्रिम कापडाचा एखादा तंतू अंगावरून उडाला तरी नमुना वाया जायचा.

"म्हणजे तुझे ते झुळझुळीत कपडे आता माझे!" धाकटीने परस्पर वाटणी करून टाकली.

धाकटी तिची सख्खी बहीण. आई लवकर गेल्यामुळे थोरलीनेच तिला लहानाची मोठी केलेली. दोघी एकाच शहरात राहायच्या, नदीच्या दोन काठांना. धाकटीला याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा चौथा महिना चालू होता. घरात सगळे जपून बोलत होते.

त्याच सुमारास धाकटीच्या भागातल्या टाकीचा नमुना तपासायला आला. पाणी गाळून झाल्यावर थोरलीने गाळणकागद भिंगाखाली धरला. निळे, लाल, पारदर्शक तंतू एकमेकांत गुंतून पडले होते. थोडेफार सगळीकडेच सापडत होते, पण इतके कुठेच नव्हते. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने नवा नमुना मागवला. त्यातही तेच निघालं. ज्या कालव्यातून त्या टाकीत पाणी यायचं, त्याच्या वरच्या अंगाला कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटं धुणारा मोठा कारखाना होता.

ती साहेबांकडे गेली. "हे लोकांना सांगायला हवं."

"काय सांगणार?" साहेबांनी चष्मा काढला. "किती चालतं आणि किती चालत नाही, हे अजून कुणी ठरवलंय? कायद्यात मर्यादाच नाही. लोकांची झोप उडवायची, आणि उपाय विचारला की हात वर करायचे? चार वर्षांनी अहवाल येईल, तेव्हा बघू."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं खोडून काढायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि तेच तिला डाचत राहिलं.

ती कुणाला काही बोलली नाही. फक्त कामावरून सुटल्यावर आपल्या घरचं पाणी काचेच्या बरण्यांत भरून धाकटीकडे नेऊ लागली.

"आमच्याकडचं पाणी गोड आहे गं. हेच पीत जा."

"ताई, उद्यापासून हवापण भरून आणा," मेहुणा हसला. धाकटीही हसली. थोरलीने विषय बदलला.

सहाव्या महिन्यात धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. कारण सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कधीकधी कारण सापडतच नाही.

घरी आल्यावर धाकटी बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एकदा थोरली नेहमीप्रमाणे बरण्या ओट्यावर ठेवत होती, तेव्हा आतून आवाज आला, "ताई, आमच्या पाण्यात काय आहे?"

थोरली पलंगाशी येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तुला चौथा लागला होता, तेव्हापासून."

"त्यानेच झालं?"

"माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही, खरंच."

"मग नाही म्हण ना."

एक शब्द पुरला असता. बरण्या आणताना तिने बिनदिक्कत थाप मारली होती. हा शब्द मात्र तोंडातून फुटेना.

"नाही म्हणता येत नाही गं."

"मग हो म्हण."

"तेही नाही येत."

धाकटीने चादर डोक्यावर ओढून घेतली. दारात उभा असलेला मेहुणा हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही आता निघा."

पुढे कायद्याच्या अंमलबजावणीची समिती प्रयोगशाळा बघायला आली. साहेब नको नको म्हणत असताना थोरली उभी राहिली. प्रत्येक टाकीचे आकडे आत्ताच जाहीर करा, म्हणाली.

"पाणी पिण्यालायक आहे की नाही, तेवढं सांगा," एका सदस्याने विचारलं.

"सांगता येत नाही."

"मग आकडे जाहीर करून काय साधणार?"

"मला ठाऊक होतं, म्हणून मी माझ्या बहिणीला दुसरं पाणी नेऊन दिलं. त्या भागातल्या बाकीच्या बायकांना कोण नेऊन देणार?"

अध्यक्षांनी सूचनेची नोंद घेतली आणि सगळे चहाला गेले. आकडे जाहीर झाले नाहीत. गोपनीय माहिती घरी वापरल्याचं तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. तिला पुन्हा क्लोरीनच्या टेबलावर बसवलं. मोजणी चालू राहिली, सूक्ष्मदर्शकाशी दुसरं कुणी बसू लागलं.

मेहुण्याने बदली मागून घेतली. निघताना दोघं भेटायला आली नाहीत. बऱ्याच दिवसांनी धाकटीचा फोन आला. नवं घर, शेजार, जिना फार उंच आहे, असं थोडं इकडचं तिकडचं बोलली.

"ताई, इथलं पाणी तपासलंय का गं?"

"अजून नाही. पुढच्या वर्षी तपासणार आहेत."

"बरं."

काहीतरी आणखी बोलावं म्हणून थोरलीने तोंड उघडलं, तोवर फोन ठेवून झाला होता.