तोकुजींच्या लगद्याची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. बोटभर रुंद, दुधी रंगाची.

माझा जन्म शिकोकू बेटावर, नियोदो नदीकाठी झाला. तिथे तोकुजी ओकाबायाशी नावाचे म्हातारे कारागीर हाताने कागद बनवत. कागदी तुतीच्या झाडाची साल उकळून, कुटून त्यांनी लगदा केला. त्यांची मुलगी मिचिरू प्रयोगशाळेत काम करी. तिने तो लगदा नेला आणि त्याचे तंतू इतके बारीक केले की ते डोळ्यांना दिसेनात. त्या तंतूंवर तिने जंतू मारणारे रसायन पक्के जोडले आणि ते तंतू जखमेवर लावायच्या एका नाजूक पापुद्र्यात मिसळले. पापुद्र्याला बळ आले. त्याचीच कापलेली पट्टी म्हणजे मी.

माझ्यावर सोडलेले जंतू मेले, तेव्हा मिचिरूने टाळ्या पिटल्या. तोकुजींच्या पायाची मधुमेहाची जखम चिघळत चालली होती. त्यांच्यासाठीच तर तिने मला घडवले होते.

मला पाकिटात घालून ती इस्पितळात गेली. म्हाताऱ्याने मला उजेडात धरले, अंगठ्याने चाचपले.

"कागद झकास जमलाय की गं!"

"बाबा, हा कागद नाहीये."

"लगदा माझाच ना? मग कागदच. लाव पायाला."

"नाही लावता येत. अजून माणसांवर चाचणी व्हायचीय. काही बाधलं तर?"

"बरं, नको लावूस. बस तरी जरा. आल्यापासून उभीच आहेस."

"या पट्टीची ताकद मोजायचीय, बाबा. जितक्या लवकर होईल तितकं बरं. उद्या येते."

त्यानंतर सहा दिवस ती प्रयोगशाळेतच राबत होती. रोज फोनवर सांगे, "उद्या नक्की."

गुरुवारी दुपारी यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून ती मला ताणत होती. फोन वाजला. जखमेतले विष रक्तात भिनले होते. तोकुजी गेले.

यंत्र चालूच राहिले. मी ताणली जात होते, पण फाटत नव्हते. मिचिरू जमिनीवर बसली. "फाटत नाहीये हो, बाबा," एवढेच ती पुटपुटत राहिली.

तेव्हापासून मी खणात आहे. नव्या पट्ट्यांच्या चाचण्या मिचिरूच करते. मला मात्र ती हात लावत नाही.

मित्रांनो, मला जखमेवर लावले नाही, यात तिची चूक नव्हती. शोधाला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा. पण आजारी माणूस "बस" म्हणाला, तर बसा. तेवढ्यासाठी कुठलीही चाचणी लागत नाही.